उंची आधी कमवावी लागते

शनिवारी शाळा सुटल्यावर नववी ते अकरावीची काही मुले-मुली संगणक कक्षात लढाऊ विमानांचा एक खेळ खेळतात, ही गोष्ट आता बहुतेक पालकांना ठाऊक झाली आहे. त्याविषयी शाळेकडे तीन प्रकारची पत्रे आली आहेत. काही पालक लिहितात की शाळेत बॉम्ब आणि तोफांचे खेळ कशाला, ते ताबडतोब बंद करावेत. काहींचे म्हणणे, बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षात हा वेळेचा अपव्यय आहे. तिसऱ्या प्रकारच्या पत्रांत उलट मागणी आहे की हा खेळ रोज ठेवावा, म्हणजे मुलगा पुढे एन.डी.ए.त जाईल.

व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय येणार आहे. तत्पूर्वी आमचे मत सर्व पालकांपुढे मोकळेपणाने मांडावे असे आम्हाला वाटते. मत थोडक्यात असे आहे : खेळ बंद करू नये. मात्र त्याला शाळेची शिस्त हवी, आणि खेळ जिथे थांबतो तिथून पुढचे शिकवण्याची जबाबदारी शाळेने घ्यायला हवी. असे का, ते सांगण्यासाठी खेळात नेमके काय घडते ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी कृपया धीर धरावा.

ग्वाल्हेरच्या मुलांना विमानांचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. महाराजपुऱ्याच्या वायुसेना तळावर १९८५ मध्ये मिराज विमाने आली, आणि १९९९ च्या कारगिल युद्धात ह्याच विमानांनी मोठी कामगिरी केली. वर्गात गणित चालू असताना डोक्यावरून विमान गेले की सगळ्या माना खिडकीकडे वळतात, हा अनुभव येथल्या प्रत्येक शिक्षकाचा आहे. पण मुले खेळतात त्या खेळात मिराज नाही. तो दुसऱ्या महायुद्धातील पंख्याच्या विमानांचा खेळ आहे. ‘आयएल-२ स्टर्मोविक’ हा रशियात तयार झालेला सिम्युलेटर २००१ साली बाजारात आला आणि २००६ साली ‘१९४६’ या नावाने त्याची मोठी आवृत्ती निघाली. शाळेच्या जुन्या संगणकांवरही तो चालतो, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे. दुसरे कारण असे की या खेळात विमान खरोखरच्या विमानासारखे वागते. बटण दाबले आणि उडाले असे होत नाही. वेग कमी झाला तर विमान कोसळते, इंजिन तापले तर बंद पडते, गोळ्या संपल्या तर संपल्या.

या खेळातील मुलांचा आवडता प्रसंग म्हणजे फार उंचावरून येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना गाठून अडवणे. आवडता अशासाठी की तो जमत नाही. नवा मुलगा काय करतो? आकाशात चार इंजिनांची विमाने दिसली की नाक वर करून थेट त्यांच्याकडे झेपावतो. वर जाताना वेग घटत जातो. बॉम्बर अजून हजारभर मीटर वर असतानाच याचे विमान थरथरते, एक पंख कलंडतो आणि ते गरगरत खाली येते. सावरून पुन्हा वर जाईपर्यंत विमानांचा थवा पुढे निघून गेलेला असतो आणि मग तो काही केल्या सापडत नाही. एक गोळी न झाडता लढाई हरलेली असते. हे पाच-सहा वेळा झाले की मुलगा पहिल्यांदा विचारतो, “सर, असे का होते?” हा प्रश्न विचारला जातो तेवढ्यासाठीच आम्हाला हा खेळ शाळेत हवा आहे.

उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. समुद्रसपाटीपासून १० किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे एक चतुर्थांश उरतो. घनता साधारण एक तृतीयांश होते. तापमान शून्याखाली ५० अंशांच्या आसपास जाते. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो तेव्हा आमच्या पुस्तकात ‘घनत्व’ होते, मराठी पुस्तकात ‘घनता’ असते आणि आमची मुले ‘डेन्सिटी’ म्हणतात. शब्द कोणताही घ्या, परिणाम एकच : पंखाला उचलायला हवा कमी आणि इंजिनाला पेट्रोल जाळायलाही हवा कमी.

इंजिनाची उणीव भरून काढण्यासाठी हवा दाबून आत ढकलणारे यंत्र लावतात, त्याला सुपरचार्जर म्हणतात. हे यंत्र इंजिनाच्याच ताकदीवर फिरवले तर एका ठराविक उंचीपर्यंत ते पुरे पडते. त्या उंचीच्या वर ताकद उतरू लागते. अमेरिकेच्या बी-१७ आणि बी-२९ या बॉम्बर विमानांत इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारे टर्बो होते. बी-२९ च्या तर प्रत्येक इंजिनाला दोन-दोन. म्हणून मोठे, वजनदार बॉम्बर उंचावर सहज चालत आणि त्यांना अडवायला निघालेली चपळ लढाऊ विमाने तिथे पोहोचेपर्यंत धापा टाकू लागत. मोठे ते संथ आणि लहान ते वेगवान असा जो आपला समज असतो, तो उंचीवर टिकत नाही.

आणखी एक गंमत मुलांच्या ध्यानात आली. कॉकपिटमधील वेगाचा काटा समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो. हवा विरळ झाली की तो कमी दाखवतो. १० किलोमीटरवर काटा ३०० दाखवत असला तरी विमान प्रत्यक्षात ताशी ५०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जात असते. घनता एक तृतीयांश, म्हणून खरा वेग दर्शवलेल्या वेगाच्या सुमारे वर्गमूळ ३ पट, म्हणजे १.७ पट. आता वळण घ्यायचे झाले तर वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काट्यावर तोच वेग आणि विमान तेवढेच कललेले, तरी वळण जमिनीजवळच्या तिप्पट मोठे. म्हणून त्या उंचीवर एकदा नेम चुकला की वळून परत येईतो बॉम्बर कित्येक किलोमीटर पुढे गेलेले असतात. वर्गमूळ आणि वर्ग यांचा उपयोग काय, हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतो. या वर्षी शनिवारच्या मुलांकडून तो आला नाही.

त्यानंतर येतो वेळेचा हिशेब. समजा, बॉम्बर ७ किलोमीटर उंचीवरून ताशी ३०० किलोमीटर वेगाने चालले आहेत, म्हणजे मिनिटाला ५ किलोमीटर. आपल्या विमानाला तेवढी उंची गाठायला १५ मिनिटे लागतात. तेवढ्यात बॉम्बर ७५ किलोमीटर पुढे जातात. ग्वाल्हेरवर दिसले म्हणून उड्डाण केले तर आपण वर पोहोचेपर्यंत धौलपूरही मागे पडलेले असेल. तेव्हा विमान आज जिथे आहे तिकडे जायचे नसते. पंधरा मिनिटांनी ते जिथे असेल तिथे, त्याच्यापेक्षा थोडे अधिक उंचावर, आपण आधी जाऊन थांबायचे असते. त्यासाठी उड्डाणापूर्वीच कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. चढण शांतपणे, एका लयीत करावी लागते. त्या पंधरा मिनिटांत पडद्यावर काहीही घडत नाही. फक्त उंचीचा काटा हळूहळू सरकतो.

आणि नेमके हेच मुलांना नको असते. खेळात वेळ दुप्पट, चौपट, आठपट पळवण्याची एक सोय आहे. उड्डाण थेट आकाशातून, आयत्या उंचीवरून सुरू करण्याचीही सोय आहे. मुले सर्रास या दोन्ही सोयी वापरतात. आमच्या मते खेळातला सगळ्यात मोलाचा भाग ती अशा रीतीने टाळतात. लढाईचा निकाल गोळी झाडण्याच्या दोन सेकंदांत लागत नाही, तो आधीच्या पंधरा मिनिटांत लागलेला असतो. उंची वेळ देऊन विकत घ्यावी लागते, आणि ज्याने ती आधी घेतली नाही त्याला ऐनवेळी ती कोणी उसनी देत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता इतिहासाकडे वळू, कारण हे प्रश्न खेळ बनवणाऱ्यांनी कल्पनेतून काढलेले नाहीत. १९४३ ते १९४५ या काळात अमेरिकेचे बी-१७ बॉम्बर इंग्लंडमधून उडून भर दिवसा जर्मनीवर हल्ले करीत. ही विमाने सहा ते आठ किलोमीटर उंचीवरून, एकमेकांना संरक्षण मिळेल अशा घट्ट रचनेत येत. प्रत्येक विमानात साधारण दहा माणसे आणि दहा-बारा मशीनगन. मागून जाणाऱ्या लढाऊ विमानाची अवस्था काय होई, ते सापेक्ष वेगाच्या गणिताने कळते. लढाऊ विमानाचा वेग ताशी ५०० आणि बॉम्बरचा ३०० धरला तर फरक २०० चा, म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. शेवटचे ५५० मीटर अंतर तोडायला दहा सेकंद लागणार, आणि ती दहा सेकंदे अनेक विमानांच्या मशीनगन एकाच वेळी आपल्यावर रोखलेल्या असणार.

जर्मन वैमानिक एगॉन मेयर याने नोव्हेंबर १९४२ मध्ये अगदी समोरून हल्ला करण्याची पद्धत वापरली. बी-१७ च्या तोंडाकडची बाजू तेव्हा दुबळी होती. पण समोरून येताना दोन्ही वेगांची बेरीज होते : ताशी ८०० किलोमीटर, सेकंदाला २२० मीटर. नेम धरून गोळी झाडायला जेमतेम दोन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात बाजूला झाले नाही तर टक्कर. अमेरिकेने त्यावर उपाय म्हणून पुढच्या बी-१७ जी या प्रकारात नाकाखाली दोन मशीनगनचा फिरता बुरूज बसवला. मग १९४४ मध्ये जर्मनांनी काही फोके-वुल्फ १९० विमानांवर जाड चिलखत आणि ३० मिलिमीटरच्या तोफा चढवल्या. तोफा जबर होत्या, पण वजनाने विमान इतके मंदावले की त्याच्या रक्षणाला दुसरी लढाऊ विमाने द्यावी लागली. जे काही चढवाल त्याची किंमत उंचीत आणि वेगात चुकवावी लागते. अभियांत्रिकीचा हा पहिला धडा आहे आणि शनिवारची मुले तो स्वतःच्या विमानावर जास्तीच्या तोफा लावून शिकतात.

१४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्ट येथील बॉल-बेअरिंगच्या कारखान्यांवर २९१ बी-१७ पाठवण्यात आली. त्यांतली ६० परत आली नाहीत. एका दिवसात सुमारे सहाशे माणसे! लढाऊ विमानांची सोबत नसताना जर्मनीत खोलवर जाणे अमेरिकेला त्यानंतर काही महिने थांबवावे लागले. पुढे लांब पल्ल्याची मस्टँग विमाने सोबतीला आल्यावर चित्र पालटले. खेळात ६० बॉम्बर पाडणे म्हणजे साठ वेळा मिळालेली शाबासकी. इतिहासात ती दहा-दहा माणसांची साठ विमाने आहेत. हा फरक खेळ सांगत नाही.

जपानवरची कहाणी तर उंचीच्या दृष्टीने अधिक शिकवणारी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या देशातून जातो. बी-२९ विमाने युद्धात पहिल्यांदा उतरली ती १९४४ मध्ये, आपल्या खरगपूर आणि चाकुलिया परिसरातील तळांवरून. त्यांच्या मुख्यालयासाठी हिजलीच्या बंदिवासाची इमारत घेतली होती. त्याच इमारतीत पुढे आय.आय.टी. खरगपूर सुरू झाली. आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे तिथे जाण्याची तयारी करीत आहेत त्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

पुढे ही विमाने प्रशांत महासागरातील मारियाना बेटांवर नेली गेली. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी १११ बी-२९ सायपान बेटावरून तोक्योजवळच्या मुसाशिनो येथील विमान-कारखान्याकडे निघाली. उंची आठ ते दहा किलोमीटर. त्या उंचीवर जपानी लढाऊ विमानांची इंजिने थकून जात आणि बॉम्बरच्या जवळपास पोहोचणे हेच मोठे काम होते. तरीही त्या दिवशी कारखान्यावर बॉम्ब टाकू शकली फक्त २४ विमाने. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ढगांनी आणि वाऱ्याने चुकवले. वरती ताशी सुमारे २२० किलोमीटरचा वारा होता. पाठीवर तो वारा घेऊन विमाने जमिनीच्या मानाने ताशी ७०० किलोमीटरहून अधिक वेगाने शहरावरून गेली, आणि एवढ्या वेगात नेम साधणे त्यांच्या यंत्रांना शक्य झाले नाही.

या वाऱ्याचा शोध मात्र वीस वर्षे जुना होता. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून १९२० च्या दशकात हे वारे मोजले होते. आपले काम जगभर वाचले जावे म्हणून त्यांनी १९२६ मध्ये ते एस्पेरांतो भाषेत छापले. ही सर्व जगासाठी बनवलेली भाषा. जगाने ते वाचलेच नाही! भाषेविषयी रोज वाद ऐकणाऱ्या आमच्यासारख्या शाळेला ही गोष्ट विसरता येत नाही. ज्ञान असणे एक आणि ते ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोहोचणे दुसरे. आम्ही मुलांना या खेळाचे इंग्रजी माहितीपुस्तक मराठीत आणि हिंदीत समजावून लिहायला लावले, त्यामागे हेच कारण आहे.

जपानी वैमानिकांनी उंचीचा प्रश्न कसा सोडवला, हे सांगताना मन जड होते. की-६१ सारख्या काही विमानांतून तोफा आणि चिलखत काढून टाकले. वजन घटले तशी विमाने वर पोहोचू लागली. पण आता झाडायला तोफच नव्हती. मग विमानच बॉम्बरवर नेऊन आदळायचे. त्यासाठी नोव्हेंबर १९४४ पासून खास तुकड्या केल्या गेल्या. आदळल्यानंतर छत्रीने उतरून काही वैमानिक वाचले, बरेच वाचले नाहीत. ते कोवळ्या वयाचे तरुण होते, आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांपेक्षा फार मोठे नव्हेत. वजन कमी केले की उंची मिळते हे गणित बरोबर आहे. पण जे कमी केले त्यात माणसाचे परत येणेही धरले गेले, हे गणितात दिसत नाही.

आणि शेवट तर सर्वांत भयंकर. उंचावरून बॉम्ब नेमके पडत नाहीत म्हणून जनरल कर्टिस लेमे यांनी बेत बदलला. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री बी-२९ दीड ते पावणेतीन किलोमीटर इतक्या खालून आली. आग लावणारे बॉम्ब जास्त नेता यावेत म्हणून विमानांतील बहुतेक मशीनगन काढून ठेवल्या होत्या. २७९ विमानांनी तोक्योच्या दाट लाकडी वस्तीवर ते बॉम्ब टाकले. सुमारे ४१ चौरस किलोमीटर शहर जळाले आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. ते कारखान्याचे निशाण नव्हते, ते राहते शहर होते.

आमच्या मुद्द्याचे मूळ इथे आहे. उंचावरच्या बॉम्बरला अडवणे हे विज्ञानाचे, गणिताचे आणि धैर्याचे काम आहे, आणि खेळ ते उत्तम शिकवतो. पण वरून खाली पाहिले की शहर दिसते, माणूस दिसत नाही. खेळातही दिसत नाही. दहावीच्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी विचारले, “सर, या खेळात बी-२९ मध्ये आपल्याला बसता येत नाही का?” मूळ खेळात खरोखरच येत नाही. बी-१७ आणि बी-२९ ही विमाने संगणकच उडवतो. मुलांना ती फक्त पाडता येतात. तिने विचारलेला प्रश्न आम्ही फळ्यावर लिहून ठेवला आहे. ज्या विमानात आपल्याला कधीच बसता येत नाही, त्यातले लोक आपल्याला माणसे वाटणे कठीण असते. हे आकाशापुरतेच खरे नाही.

आता पालकांच्या पत्रांना उत्तर देतो. खेळाने मुले हिंसक होतील, ही भीती आम्ही हलकी मानीत नाही. पण शाळेत बंदी घातली तर तोच खेळ घरी, मित्राकडे, एकट्याने खेळला जाईल, आणि तिथे श्वाइनफुर्ट आणि तोक्यो यांची गोष्ट सांगायला कोणी नसेल. शाळेतला धोका त्याहून लहान आहे असे आमचे मत आहे. वेळेविषयी म्हणाल तर आठवड्याला दीड तास हा कोणत्याही मैदानी खेळापेक्षा जास्त नाही. परंतु मैदान सोडून कोणी येथे बसणार असेल तर आमचा त्याला विरोध आहे. आणि ज्यांना वाटते की या खेळाने मुलगा एन.डी.ए.त पोहोचेल त्यांना नम्रपणे सांगतो की तसे होत नाही. तिथे गणिताची लेखी परीक्षा असते, मुलाखत असते, शरीराची तपासणी असते. खेळामुळे गणिताची गोडी लागली तर तेवढा फायदा खरा.

म्हणून समितीपुढे आम्ही पुढील नियम ठेवणार आहोत :

१. उड्डाण नेहमी जमिनीवरून होईल. आयत्या उंचीवरून सुरुवात नाही, वेळ पळवणे नाही. चढायला पंधरा मिनिटे लागत असतील तर पंधरा मिनिटे बसायचे.

२. उड्डाणापूर्वी वेग, वेळ आणि भेटीचे ठिकाण यांचा हिशेब वहीत मांडायचा. वही पाहिल्याशिवाय संगणक मिळणार नाही.

३. किती विमाने पाडली याचा फलक लावला जाणार नाही आणि त्यावर बक्षीसही नसेल. ज्याचा हिशेब प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळ आला त्याचे नाव प्रार्थनेच्या वेळी घेतले जाईल.

४. जो प्रसंग खेळला त्या खऱ्या दिवसाविषयी ग्रंथालयातून वाचून एक पान लिहायचे : विमानात किती माणसे होती, खाली कोणते गाव होते, तिथल्या लोकांचे काय झाले. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोणत्याही भाषेत चालेल.

५. आठवी आणि त्याखालच्या वर्गांना हा खेळ नाही.

चौथा नियम मुलांना आवडलेला नाही. पान लिहायचे म्हटल्यावर दोन-तीन मुलांनी येणे बंद केले आहे. आमची त्याला हरकत नाही. ज्यांना फक्त पाडायचे आहे त्यांच्यासाठी शाळेचा संगणक कक्ष नाही. जी मुले राहिली त्यांच्या वह्या मात्र पाहण्यासारख्या आहेत, आणि बैठकीच्या दिवशी त्या टेबलावर ठेवलेल्या असतील.

ज्या पालकांचा विरोध आहे त्यांना आमची विनंती आहे की मत कायम करण्याआधी एका शनिवारी यावे आणि आपल्या मुलाशेजारी त्या चढणीची पंधरा मिनिटे बसावे. काहीच घडणार नाही, थोडा कंटाळाही येईल. त्या वेळात मुलाला दोन प्रश्न विचारा : बॉम्बर कुठे भेटणार हे तू कसे काढलेस, आणि त्याच्या आत कोण आहे? दोन्हींची उत्तरे त्याला देता आली तर खेळ चालू ठेवावा. पहिल्याचेच उत्तर आले तर दुसऱ्यासाठी शाळेने आणि आपण मिळून वेळ द्यावा. दोन्हींची उत्तरे नसतील, तर बंदीचा ठराव आम्ही स्वतः मांडू.